कंपनी बदलली, कॉल लागतोय पण नेट नाही: सिमबरोबर मराठीत चिठ्ठी द्या

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कोरेगाव तालुक्यातली. आमच्याकडे दीड एकर आल्याचं पीक आहे आणि घरात दोन फोन आहेत, त्यातला एक आमच्या ह्यांचा, त्याच्यावरच सगळं चालतं. व्यापाऱ्याचे भाव त्याच्यावर येतात, कृषी सेवा केंद्राचा ग्रुप त्याच्यावर, बँकेचा ओटीपी त्याच्यावर आणि ई-पीक पाहणी पण त्याच फोनवरनं शेतात उभं राहून करायची असते. त्या फोनचं नेट ऐन भरणीच्या, म्हणजे आल्याला माती लावायच्या दिवसांत 11 दिवस बंद पडलं आणि शेवटी काम निघालं पाच मिनिटांचं, म्हणून म्हटलं हे लिहावंच, कारण आमच्यासारखी अजून किती घरं ह्यात अडकत असतील.

आमची वस्ती डोंगराच्या पायथ्याला आहे. जुन्या कंपनीची रेंज पावसाळ्यात एवढी जायला लागली की फोन लावायला गच्चीवर जावं लागायचं. नंबर मात्र सोडता येत नव्हता, बँकेत तोच, आधारला तोच, व्यापाऱ्याकडे तोच. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे, म्हणजे नवीन काहीच नाही, गावात बऱ्याच जणांनी केलंय. 1900 वर पोर्ट लिहून पुढं आपला नंबर टाकून मेसेज केला, 8 अक्षरांचा कोड आला, तो 4 दिवस चालतो, तेवढ्यात कोरेगावला एसटी स्टँडजवळच्या दुकानात जाऊन आधार दाखवून नवीन सिम घेतलं. दुकानदार म्हणाले, ताई, जुनं सिम बंद पडलं की हे टाका, तीन दिवसांत होईल. जुन्या प्लॅनचे 40 दिवस शिल्लक होते ते बुडाले, ही गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नाही, तर वाचकांनी लक्षात ठेवावं की जुन्या कंपनीतला बॅलन्स आणि प्लॅन नवीन कंपनीत येत नाही, रिचार्ज संपत आला की मगच बदला.

तर तिसऱ्या दिवशी रात्री जुनं सिम बंद झालं, ह्यांनी नवीन टाकलं, थोड्या वेळानं रेंजच्या दांड्या आल्या, माझ्या फोनवरनं कॉल केला तर लागला. आम्हाला वाटलं झालं काम. सकाळी व्हॉट्सअप उघडलं तर काहीच येईना. सिम काढून घातलं, फोन बंद-चालू केला, तरी नाही.

आता ज्यांच्याकडे आल्याचं पीक असतं त्यांना सांगायला नको की ऑगस्ट-सप्टेंबरात पानं पिवळी पडायला लागली की जीव कसा थाऱ्यावर राहत नाही. पाणी साचलं की कंदकूज लागते आणि ती एका सरीतनं दुसऱ्या सरीत पाण्याबरोबर पळते. आमच्या खालच्या अंगाला दहा-बारा सऱ्यांवर पिवळं दिसायला लागलं होतं. एरवी आम्ही फोटो टाकतो, कृषी सेवा केंद्रवाले बघून सांगतात की ही कंदकूज आहे का नुसती अन्नद्रव्याची कमतरता, काय सोडायचं, किती सोडायचं. फोटो जाईना म्हणून ह्यांना गाडीवर पिवळी पानं आणि एक कंद पिशवीत घालून कोरेगावला जावं लागलं, ते पण दोनदा.

तिथंच स्टँडजवळच्या दुकानात फोन दाखवला. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी रिसेट केलं, त्यात साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या सगळ्या पुसल्या गेल्या, आणि नेट काही आलं नाही. मग म्हणाले, फोनच जुना झालाय, आत बोर्डचं काम आहे, 1800 रुपये लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या, हप्त्यावर बसवून देतो. मी त्यांना वाईट म्हणत नाही, त्यांना खरंच तसं वाटलं असेल. पण आमचे हे घरी येऊन हप्त्याचा हिशोब करायला बसले होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात एक आलं की शेजारच्या पोराच्या हॉटस्पॉटवर ह्याच फोनचं व्हॉट्सअप बरोबर चालतंय, कॉल पण चालतोय, मग बोर्ड गेलाय कसा?

माझा भाचा पुण्याला नोकरीला आहे, त्याला रात्री फोन लावला. तो म्हणाला, "मामी, घाई करू नका, मी सांगतो तसं एकेक बघा आणि मला काय दिसतंय ते वाचून दाखवा." पहिलं त्यानं विचारलं मोबाइल डेटा कुठल्या सिमवर आहे. बघितलं तर दुसऱ्या! ह्यांच्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत एक जुनं सिम पडून आहे, त्याला रिचार्जच नाही. आपण पहिलं सिम बाहेर काढलं की कधीकधी फोन आपला आपण डेटा दुसऱ्या सिमवर नेतो आणि नवीन सिम घातलं तरी तिथंच राहतो. ते बदललं. मला वाटलं आता येईल, पण नाही आलं. मग डेटा लिमिट लावलंय का बघितलं, नव्हतं. विमान मोड चालू करून बंद केला. नाही.

मग तो म्हणाला एपीएन बघू. सेटिंग्जमध्ये सिम कार्ड किंवा मोबाइल नेटवर्क म्हणून असतं, त्यात आपल्या सिमवर दाबायचं, आत "अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स" असं येतं, मराठी भाषा लावली असेल तर "अ‍ॅक्सेस पॉइंटची नावे". तिथं आमच्या फोनमध्ये एकच ओळ होती, एमएमएसची, म्हणजे फोटोच्या जुन्या पद्धतीच्या मेसेजची. इंटरनेटची ओळच नाही.

हे एपीएन म्हणजे काय ते मला भाच्यानं समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. कंपनीच्या टॉवरपर्यंत आपला फोन पोचला तरी तिथनं इंटरनेटला जायला एक दार असतं आणि प्रत्येक कंपनीच्या दाराचं नाव वेगळं. फोनला ते नाव माहीत पाहिजे. बहुतेक फोनमध्ये ही नावं आधीच भरलेली असतात, सिम टाकलं की फोन ओळखतो आणि आपोआप लावतो, म्हणून दहातल्या नऊ लोकांना हे नाव कधी दिसतच नाही. पण फोन जुना असेल, अपडेट यायचं थांबलेलं असेल, तर त्यातली यादी अर्धवट असू शकते. आणि कॉलला जायची वाट वेगळी असते, म्हणून कॉल चालतोय आणि नेट नाही असं होतं, आणि आपल्याला वाटतं सिम बरोबर आहे म्हणजे फोनच बिघडलाय.

भाच्यानं एकेक अक्षर सांगितलं, मी टाइप केलं. वर अधिकची खूण असते त्यावर दाबून नवीन ओळ करायची. नाव काहीही द्या. एपीएनच्या जागी मात्र कंपनीचं बरोबर नाव पाहिजे, सगळं इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जागा नाही आणि शेवटी पण जागा सुटता कामा नये (कीबोर्ड आपोआप एक जागा सोडतो, माझं पहिल्यांदा तिथंच चुकलं होतं). जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, व्हीआयला नुसतं डब्ल्यू तीनदा, बीएसएनएलला बीएसएनएलनेट. युजरनेम, पासवर्ड कोरे सोडायचे. खाली एपीएन टाइप म्हणून असतं तिथं डिफॉल्ट, मग स्वल्पविराम, मग एसयूपीएल. तिथं नुसतं एमएमएस असलं तर नेट येत नाही, आमच्याकडे होती ती ओळ तसलीच. प्रोटोकॉलला आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 दोन्ही असलेला पर्याय. मग वरच्या तीन ठिपक्यांवर दाबून सेव्ह, आणि बाहेर येऊन त्या ओळीपुढचा गोल निवडायचा, हे बरेच जण विसरतात. एकदा फोन बंद-चालू केला आणि साहेब, एकामागनं एक मेसेज पडायला लागले, 11 दिवसांनी. हे तर उठून उभेच राहिले.

एक सांगायचं, हे हातानं भरल्यावर कुणाला नेटवर्क रिसेट करू देऊ नका, भरलेलं परत पुसलं जातं. आणि दुकानात पैसे द्यायच्या आधी घरच्या दुसऱ्या कुणाच्या चालू नेटचं सिम आपल्या फोनमध्ये घालून बघा, त्याच्यावर नेट चाललं तर फोनला काही झालेलं नाही. आपलं सिम त्यांच्या फोनमध्ये चाललं तर सिम पण चांगलं आहे, राहिली फक्त सेटिंग.

आता माझं म्हणणं असं आहे. दुकानात सिम घेताना ते चालू नसतं. ते चालू होतं दोन-तीन दिवसांनी, बहुतेक रात्री, तेव्हा दुकान बंद आणि आपण आपल्या घरी. म्हणजे ज्या वेळी विचारायचं असतं त्या वेळी विचारायला कुणीच नसतं. कंपनीचा सेटिंगचा मेसेज येतो म्हणतात, आम्हाला आला नाही. सिमच्या पाकिटावर बारीक इंग्रजी छापलेलं असतं ते माझ्या सासूबाईंना काय, मला पण वाचता येत नाही. कंटाळून परत जुन्या कंपनीत जावं म्हटलं तर 90 दिवस थांबायचा नियम. म्हणून सगळ्या कंपन्यांनी सिमच्या पाकिटात मराठीत छापलेली एक चिठ्ठी घालावी, हाताएवढी असली तरी चालेल. डेटा कुठल्या सिमवर आहे ते कुठं बघायचं, एपीएन कुठं असतं, आमच्या कंपनीचं काय टाकायचं, आणि नाहीच आलं तर 198 ला फोन करून तक्रार नंबर मागून घ्या, एवढं. आम्हाला 198 वर तक्रार करता येते आणि तिचा नंबर मिळतो हे भाच्यानंच सांगितलं, तोपर्यंत आम्ही नुसते दुकानाच्या फेऱ्या मारत होतो.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमचा पेपर आमच्या वस्तीवर तीन घरात येतो आणि बाकीची घरं मागून वाचतात. ही चारही नावं, इंग्रजी अक्षरात कशी टाइप करायची तशीच, एका चौकटीत छापा. आमच्या शेजारच्या आत्यांचा मुलगा सैन्यात आहे, त्यांनी मागच्या आठवड्यात कंपनी बदलली, त्यांच्या फोनवर पण व्हिडिओ कॉल लागत नव्हता, काल मी जाऊन बघितलं तर एपीएनची यादी कोरी होती. भरून दिली. रात्री नऊला त्यांच्या ओसरीवरनं मुलाचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता.

आपली नम्र,
एक शेतकरी वाचक, कोरेगाव तालुका, जि. सातारा