चि. मुक्तास, गाड्यांच्या कपाटाविषयी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे बोललीस त्याला मी नुसते ‘हं, हं’ म्हणून उत्तर दिले, कारण असल्या विषयावर मला बोलण्यापेक्षा लिहिणे बरे जमते. आत्या येणार म्हणून तू तुझ्या खेळण्यातल्या छोट्या गाड्यांचे काचेचे कपाट आतल्या खोलीत सरकवलेस, त्यावर चादर टाकलीस, आणि तरीही तिने ती चादर उचलून ‘घरात लहान मूल असते तर एक वेळ समजले असते’ हे ऐकवलेच. आत्याचे बोलणे तू मनावर घेणाऱ्यांतली नाहीस. मला खटकले ते त्यानंतरचे तुझे वाक्य. घराचा हप्ता भरते, कचेरीत इतरांचे काम तपासते, तरी अजून मोठे झाल्यासारखे वाटत नाही आणि बहुधा या गाड्यांमुळेच वाटत नसावे, असे तू म्हणालीस. गाड्यांवरचा हा आरोप मला मान्य नाही, आणि सगळी नोकरी डायकास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून वस्तू ओतण्याच्या, कारखान्यात काढलेला माणूस म्हणून या खटल्यात साक्ष द्यायचा मला अधिकार आहे.

गेल्या खेपेस तू माझ्या हातावर ठेवलेली ती निळी गाडी मी भिंगातून पाहिली होती. चारशे अंशांच्या आसपास तापलेला जस्ताचा रस साच्यात दाबाने शिरतो आणि काही क्षणांत घट्ट होतो. त्या क्षणांत साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक रेघ उमटल्याशिवाय राहत नाही. ती रेघ साचा करणाऱ्याने चाकांवरच्या कमानीच्या कडेने अशी फिरवली होती की, रंग चढल्यावर ती गाडीच्या मूळ घडणीचाच भाग वाटावी. आत टपाच्या खाली ओतलेली वस्तू साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे होते, ते मात्र त्याने झाकले नव्हते, कारण तिथे कोण पाहणार? तू पाहिले होतेस. शिवाय गाडीच्या पोटावर छापलेले वर्ष हे ती गाडी बनल्याचे नसून तिचा साचा बनल्याचे असते, आणि तेवढ्यावर कित्येक लोक नवी गाडी जुनी म्हणून विकतात, हेही तूच मला सांगितलेस. पाच वर्षांच्या मुलाला यातले काहीही नको असते. त्याला गाडी फरशीवरून सोडायची असते आणि ती भिंतीवर आपटली की पुन्हा सोडायची असते. ते त्याचे बरोबरच आहे, पण तू करतेस ते त्याहून निराळे काम आहे.

तुझ्या या छंदाच्या मुळाशी माझ्याच धंद्यातला एक माणूस आहे म्हणून त्याची हकीकत मला आवडते. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 मध्ये, लंडनमध्ये लेस्नी नावाचा कारखाना निघाला. तो कारखान्यांना लागणारे सुटे भाग ओतून देत असे, आणि वर्षाखेरीस त्या भागांच्या ऑर्डरी रोडावल्या की रिकाम्या यंत्रांवर खेळणी काढत असे. त्यातला भागीदार जॅक ओडेल याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची परवानगी होती. म्हणून त्याने कारखान्यात निघणाऱ्या खेळण्यातल्या रोड रोलरची तेवढी इवली प्रतिकृती तिला करून दिली, आणि त्यातूनच पुढे 1953 मध्ये ‘मॅचबॉक्स’ गाड्या बाजारात आल्या. मुलीसाठी आपल्या यंत्रावर काहीतरी काढून द्यावे, हे मोल्डिंगच्या किंवा ओतकामाच्या खात्यात काम केलेल्या प्रत्येक बापाच्या मनात येऊन गेलेले असते. 1968 मध्ये अमेरिकेतून ‘हॉट व्हील्स’ आल्या. त्या बारीक आसावर फार वेगाने धावत, त्यांच्यापुढे मॅचबॉक्सची दमछाक झाली, आणि 1982 मध्ये लेस्नीचे दिवाळे निघाले. तुझ्या कपाटात या दोन्ही घराण्यांच्या गाड्या शेजारी उभ्या आहेत आणि आता दोघींची मालक कंपनीही एकच आहे. खेळण्यांच्या कपाटात एवढा औद्योगिक इतिहास असतो हे आत्याला समजावत बसू नकोस. ती तेवढा वेळ बसणार नाही.

पण तिला एक गोष्ट आठवत नाही, किंवा सोयीने आठवत नाही. आमच्या आईकडे एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात सावंतवाडीची लाकडी फळे, सेल्युलॉइडच्या दोन बाहुल्या आणि पितळी भातुकली जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेली असे. चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला ती ट्रंक उघडायची, पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडली जायची, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या बायका हातात पन्ह्याचे भांडे घेऊन त्या लाकडी सीताफळापुढे उभ्या राहून ‘अगदी खरे वाटते हो’ म्हणायच्या. आम्हा मुलांना हात लावायची सक्त मनाई होती. अक्षय्य तृतीया झाली की ती पुसून पुन्हा ट्रंकेत जात. ती खेळणी मुलांची नव्हतीच, ती आईची होती, आणि त्यापायी तिला कुणी पोरकट म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही, कारण मध्ये गौर बसलेली होती. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे आणि आणखी कितीतरी वस्तू आयुष्यभर जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांचे संग्रहालय केले, आणि 1975 मध्ये तो सगळा ठेवा राज्य सरकारच्या हवाली केला. तिथे आपण तिकीट काढून जातो. म्हणजे देवापुढे मांडले की आरास, जुने झाले की संग्रह, आणि तेच आज दुकानातून आणले की पोरखेळ, असा हा एकूण हिशेब आहे.

सरकारी कागद मात्र आत्याच्या बाजूने आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, आणि त्या आदेशात खेळणे म्हणजे 14 वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी केलेली वस्तू. उलट प्लॅस्टिकच्या जोडविटांची खेळणी करणाऱ्या लेगोने 2020 पासून आपल्या मोठ्या संचांच्या काळ्या खोक्यांवर ठळकपणे ‘18+’ छापायला घेतले. कारखानदाराला गिऱ्हाईक कोण ते बरोबर कळते.

आता माझी खरी तक्रार. तुझ्या छंदात जे दोष शिरताना मला दिसतात त्यांत पोरकट असा एकही नाही, ते सगळे चांगले प्रौढ दोष आहेत. ज्या गाडीवर छापील किंमत दीड-दोनशे रुपये आहे ती ‘ट्रेझर हंट’, म्हणजे हॉट व्हील्सने मुद्दाम थोड्याच काढलेल्यांपैकी, आहे म्हणून तू कुणा दलालाला दसपट पैसे मोजलेस. दुकानात माल उतरायच्या दिवशी सकाळीच जाऊन गाड्या टांगलेला अख्खा पेग (खुंटी) रिकामा करणाऱ्या ज्या माणसांचा तू संताप करतेस, त्यांचे घर अशाच गिऱ्हाइकांवर चालते. कार्डावरची गाडी न उघडता ठेवण्याला माझी हरकत नाही, पण त्याला ‘गुंतवणूक’ म्हणू नकोस. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ‘डिंकी’ या ब्रिटिश खेळण्यांच्या गाड्या ज्यांनी जपून ठेवल्या त्यांच्यातल्या अनेकांच्या गाड्या कपाटातल्या कपाटात फुगल्या, तडकल्या आणि त्यांचा भुगा झाला, कारण त्या काळच्या जस्तात शिशाची भेसळ राहून जाई आणि दमट हवेत ती धातूला आतून पोखरत असे. त्यावर उपाय नाही. आजचा मिश्रधातू पुष्कळ शुद्ध असतो, तरी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस आणि पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या ठेव. आवडते म्हणून जमवते, एवढे कारण पुरते. भाव वाढेल हे कारण पुढे केले की उलट लाज वाटते आहे असेच ऐकणाऱ्याला कळते.

मोठे झाल्यासारखे वाटण्याविषयी मला थोडेच सांगता येईल. आमच्या वेळी नोकरीत कायम झाल्याचे पत्र, लग्न, शिधापत्रिकेवर वेगळे नाव, बसमध्ये कुणीतरी ‘काका, जरा सरका’ म्हणणे, असे शिक्के बाहेरून एकामागून एक बसत गेले, त्यामुळे आतून काय वाटते ते तपासायची वेळच आली नाही. तुझे आजोबा गेले त्या दिवशी घरात जमलेली सगळी वडीलधारी माणसे काही विचारायचे झाले की माझ्याकडे वळू लागली. मला मोठे झाल्यासारखे मुळीच वाटले नाही; शेजारून किती खुर्च्या आणाव्या लागतील ते मी मोजत होतो. तू लग्न केले नाहीस, तुझ्या कचेरीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, म्हणून शिक्का मारणारे कुणी तुझ्या वाट्याला आले नाही आणि तू कपाटाकडे पाहून स्वतःचे वय मोजू लागलीस. तुझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी विम्याचे कागद, डॉक्टरांशी बोलणे, रक्ताची सोय हे सगळे तू एकटीने केलेस आणि त्या रात्री घरी जाऊन, झोप येईना म्हणून, गाड्या रंगांप्रमाणे लावून काढल्यास. ही दोन्ही कामे करणारी व्यक्ती एकच होती. दुसऱ्या कामाने पहिल्यातला एक पैसाही वजा होत नाही.

कपाट पुन्हा दिवाणखान्यात आण. खालचा खण कुलूप न लावता ठेव आणि त्यात ज्यांचा रंग आधीच उडाला आहे अशा सुट्या गाड्या भर. दिवाळीत आत्या नातवाला घेऊन येईल तेव्हा त्याला फरशीवर सोडायला काहीतरी हवे, आणि वरच्या खणांना हात लावायचा नाही हे त्याला नीट सांगितले तर तो ऐकतो. आम्हीही ऐकत होतो.

ती निळी गाडी उघडून पुन्हा रंगवायची कशी, हे तू विचारले होतेस. तळाच्या दोन्ही रिव्हेटांवर आधी सेंटर पंचने बारीक खूण कर, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. मग साधारण तीन मिलिमीटरच्या बिटने रिव्हेटचे फक्त डोके उडव. तळपट्टी मोकळी झाली की तिथेच थांब, खोल जाऊ नकोस. आतल्या खांबात 1.6 मिलिमीटरचे भोक पाडून एम-2 चा टॅप (दोन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आटे पाडायचे हत्यार) हलक्या हाताने फिरव, दर अर्ध्या फेऱ्याला मागे घे आणि थेंबभर तेल सोड, कारण हा धातू ठिसूळ असतो आणि खांब चिरला तर नवा मिळत नाही. मग स्क्रू लावून गाडी हवी तितक्या वेळा उघडता येईल. टॅप माझ्याकडे आहे, या आठवड्यात कुरियरने पाठवतो. त्याची टोके नाजूक आहेत, तेव्हा कपाटाच्या चाव्यांच्या डब्यात टाकू नकोस.

तुझे
बाबा