नुसत्या दाबाने प्लाय पक्की होत नाही

संपादक साहेब,

पावसाळ्यातल्या फर्निचरवर तुमच्या पेपरात छापून आलंय की जास्त प्रेशरने दाबलेली जड प्लाय घ्या, ती फुगत नाही. हे काही पटलं नाही. आमचं आयुष्य गिरणीत लूमवर गेलं, तिथले धोटे बरेचदा दाबलेल्या लाकडाचे असायचे, कॉम्प्रेगचे, म्हणून थोडंफार माहीत आहे.

लाकूड आतून पोकळ असतं. पाण्याची घनता १ धरली तर पेशीच्या भिंतीची १.५ च्या आसपास आणि पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाची ०.४ च्या आसपास, म्हणजे अर्ध्याहून जास्त हवाच की. प्रेसमध्ये ती पोकळी मिटते, पण सुकं विनियर, म्हणजे प्लायचा पातळ लाकडी थर, जोरात दाबलं तर भिंती तडकतात, आणि वाफेने मऊ करून नुसतं दाबून ठेवलं तर दबतं खरं पण पाणी लागलं की परत फुगतं, आपल्याकडच्या जुलैत तर विचारूच नका.

खरी करामत रेझिनची, म्हणजे गरमीने घट्ट होणाऱ्या रसायनाची. अमेरिकेत मॅडिसनच्या सरकारी प्रयोगशाळेत स्टॅम आणि सीबोर्ग यांनी यावर काम केलं होतं. बारीक रेणूंचं फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन विनियरमध्ये मुरवलं की ते भिंतीच्या आत शिरतं, भिंत मऊ पडते, कमी दाबात जास्त दबते, आणि मग प्रेसच्या गरमीने रेझिन पक्कं झालं की लाकूड तसंच अडकून राहतं, घनता पार १.३ पर्यंत जाते. हेच ते कॉम्प्रेग. पण हेच रेझिन प्रेसच्या आधीच भट्टीत पक्कं झालं तर भिंत कडक होते आणि तेवढ्याच दाबात लाकूड फारसं दबत नाही. ॲसिटिलेशनचा, म्हणजे लाकडावर रसायनाची प्रक्रिया करण्याचा, प्रकार आणखी वेगळा, त्यात लाकूड पाणीच कमी धरतं, मग फुगणं कमी पण ओलाव्याने येणारा मऊपणाही कमी. म्हणजे आधी काय मुरवलं आणि कधी पक्कं केलं हे बघायचं, नुसता प्रेशरचा आकडा सांगून काय उपयोग?

रे रोडला दुकानात मिळते त्या साध्या प्लायमध्ये रेझिन थरांच्या मधल्या गोंदात असतं, विनियर आतून कोरंच. वजन लाकडाच्या जातीमुळेही वाढतं. पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे, त्यात ७२ तास उकळून गोंद तपासतात, कॉम्प्रेगसाठी आयएस ३५१३ वेगळं. लोकांना वजन नाही, मानकाचा शिक्का बघायला सांगा. आणि कोणी किचनला कॉम्प्रेग लावायला निघालं तर तेही नको, महाग पडतं आणि त्यात खिळा जात नाही, सुतार शिव्या घालेल.

एवढी दुरुस्ती छापावी.

एक जुना गिरणी कामगार, लालबाग