पदाला सूर हवा, पावलाला लाकडी जमीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की नागपुरात संगीत नाटके, नृत्यनाटिका आणि अलीकडे बॅलेच्या अंगाने बसवलेली समूहनृत्ये यांचे प्रयोग एकापाठोपाठ एक होतात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मान्यवरांची नावे येतात, कलावंतांची येतात, नेपथ्यावर एखादे वाक्य येते. असा प्रयोग ज्या दोन गोष्टींवर तरतो किंवा बुडतो त्यांच्याबद्दल मात्र अवाक्षर नसते. गाणाऱ्याच्या कानापर्यंत सूर पोचतो का, आणि नाचणाऱ्याच्या पायाखाली काय आहे? दोन्ही गोष्टी आयोजकांच्या हातातल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी संगीत नाटकाचे. 'कट्यार काळजात घुसली' हे 1967 साली रंगभूमीवर आलेले नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यातले खाँसाहेब अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात वाढले. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे. अशा गावात पेनड्राइव्हवरच्या साथीवर पदे म्हटलेली ऐकताना जीव तुटतो. ध्वनिमुद्रित साथ स्वस्त पडते, प्रवासाला चार माणसे कमी लागतात, हे मान्य. पण नाट्यपद हे संवादातून उगवते. वाक्य संपता संपता ऑर्गनने सूर धरायचा, नटाने तो उचलायचा, दाद मिळाली तर एक आवर्तन वाढवायचे, नाही मिळाली तर ध्रुवपदावर येऊन पुढे सरकायचे. ही सगळी मोकळीक मुद्रित साथीत जाते. 'वन्स मोअर' आला तरी घेता येत नाही. नटाचा घसा बसला असेल तर काळी एकऐवजी पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या लगतच्या खालच्या पट्टीत, उतरून पद निभावून नेता येते, पण तेही साथीला माणसे बसलेली असतील तरच.

साथीदार कुठे बसतात यालाही फार महत्त्व आहे. आपल्या शेजारच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे, रात्रभर चालणाऱ्या नाटकांत वादक रंगमंचाच्या पुढ्यात बसतात. नटाचा श्वास वादकाला दिसतो, वादकाचा हात नटाला दिसतो. शहरातल्या प्रयोगांत बहुतेक वेळा त्यांना विंगेत, पडद्याआड, अंधारात बसवतात. मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायला नटाने पाठ फिरवून विंगेकडे बघायचे, आणि ते प्रेक्षकाला लगेच कळते. पुढची एक रांग काढून, डावीकडच्या कोपऱ्यात, रंगमंचापेक्षा खालच्या पातळीवर ऑर्गन आणि तबला बसवला तर दिसण्यात अडथळा येत नाही आणि नजरानजर राहते. दोन-चार खुर्च्यांची विक्री जाईल, तेवढी जाऊ द्यावी.

तबल्याचा प्रश्न नागपुरात विशेष बिकट आहे, कारण इथली हवा. पुरुष नट साधारण पांढरी एक ते काळी दोनमध्ये गातो, स्त्री पांढरी चार ते काळी पाचमध्ये. म्हणजे तबलजीजवळ किमान दोन तबले वेगवेगळ्या सुरांत लावलेले हवेत. एसीच्या कोरड्या झोतात पुडी, म्हणजे तबल्यावरचे कातडे, ताणली जाते आणि तबला चढतो. छोट्या सभागृहांत किंवा मांडवात रंगमंचाशेजारी मोठे कूलर लावतात, त्यांच्या ओलसर हवेने तोच तबला उतरतो. हिवाळ्यात मोकळ्या मैदानावर रात्री दहानंतर गारठा वाढतो तशा तंबोऱ्याच्या तारा आखडून चढतात आणि बासरी उतरते. या सगळ्यांत ऑर्गन आणि पेटी जागेवर जुळवून घेता येत नाहीत, त्यामुळे बाकीच्यांनी त्यांच्याकडे यायचे असते. म्हणून वाद्ये खोक्यातून काढून निदान तासभर त्याच हवेत, त्याच दिव्यांखाली उघडी ठेवावीत, मग लावावीत. कूलरचे तोंड वादकांकडे नको, एसीचा झोतही नको. मध्यंतरात तबला पुन्हा लावायला पाच मिनिटे मिळाली पाहिजेत. नेमकी त्याच पाच मिनिटांत पुरस्कर्त्यांची भाषणे सुरू होतात.

माइकबद्दल. आमच्याकडे अजूनही रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले तीन-चार माइक, म्हणजे फूट माइक, आणि दोन लटकते माइक यांवर गाडी हाकली जाते. नट फूट माइकपासून दोन-अडीच मीटर मागे गेला की आवाज पडतो. तो वाढवायला जावे तर शिट्टी सुटते. लटकता माइक संवादांपेक्षा पंखा आणि एसी जास्त उचलतो. कॉलर माइक आला की वेगळी दुखणी. शालूच्या जरीवर, मोत्यांच्या कंठ्यावर घासून खरखर होते. घामाचा थेंब माइकच्या तोंडावर बसला की आवाज घोंगडीतून आल्यासारखा होतो. उपाय जुनाच आहे: माइक छातीवर न लावता कपाळाच्या वर केसांच्या कडेला किंवा कानाजवळ गालावर लावायचा, वायर मानेमागून विगच्या आत चिकटपट्टीने बसवायची, आणि माइकच्या यंत्राचा पाऊच पदराखाली, बसल्यावर दबणार नाही असा बांधायचा. सेल दर प्रयोगाला नवे. 'अजून अर्धा आहे' म्हणून ठेवलेला सेल दुसऱ्या अंकात मान टाकतो.

याहून मोठी चूक म्हणजे सगळे माइक सगळा वेळ उघडे ठेवणे. दोन नट जवळ आले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्येही शिरतो, अगदी किंचित उशिराने, आणि दोघांचाही आवाज पोकळ होतो. युगुलगीताच्या ऐन भरात हे घडते. अशा वेळी एकाचा माइक बंद करून दोघांनी एकाच माइकवर गायचे असते. त्यासाठी मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या हातात संहिता हवी आणि प्रत्येक प्रवेशाला कोणाचा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वर, कोणाचा खाली, याच्या खुणा त्यावर हव्यात. मोठ्या इंग्रजी म्युझिकलमध्ये ओळीगणिक माइक उघडतात आणि मिटतात. मुंबईला जाऊन असे प्रयोग पाहणाऱ्या रसिकांना तिथला झगमगाट आठवतो. त्याइतकेच कौतुक या मिक्सरवरच्या माणसाचे करायला हवे. आपल्याकडे तो माणूस प्रयोगाच्या दिवशी दुपारी पहिल्यांदा नाटकाचे नाव ऐकतो.

मोठ्या सभागृहांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. रेशीमबागेतले कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे 2000 आसनांचे आहे. एवढ्या जागेत मागच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर लावले तर त्यांना जाणीवपूर्वक उशीर द्यावा लागतो. ध्वनीला 30 मीटर जायला सेकंदाचा जवळपास अकरावा भाग लागतो. मागच्या स्पीकरला तेवढा उशीर दिला नाही तर मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि तो म्हणतो 'हॉल घुमतो'. घुमण्याचे दुसरे कारण म्हणजे रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी. माणसे बसली की त्यांचे कपडे आवाज शोषतात, त्यामुळे दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे ठरवलेली पातळी रात्री चालत नाही. नांदी होईपर्यंत मिक्सरवरच्या माणसाने हात काढू नये, आणि त्याची जागा प्रेक्षकांत हवी, बंद काचेमागे किंवा विंगेत नको.

आता नृत्याकडे. इथे माझी तक्रार अधिक तीव्र आहे, कारण इथे माणसाचे हाड मोडते.

सभागृहातल्या रंगमंचावर उभे राहून टाच आपटून बघा. कोरडा 'टक्' आवाज आला आणि धक्का गुडघ्यापर्यंत गेला तर फळ्यांखाली सरळ काँक्रीट आहे. अशा जमिनीवर तासभर उड्या घेतल्या की नडगी ठणकते, आणि हेच महिनोन्महिने चालले तर हाडाला केसासारखी बारीक चीर जाते. नाचाच्या जमिनीची बांधणी वेगळी असते: काँक्रीटवर रबराचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्यांची आडवी-उभी जाळी, त्यावर सुमारे 18 मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर, सांध्यावर सांधा येणार नाही असे. पाऊल पडले की ती किंचित दबते आणि परत उचलते. त्यावर पाश्चात्त्य बॅलेसाठी व्हायनिलचा पातळ गालिचा अंथरतात. साधारण दीड मीटर रुंदीचे पट्टे रंगमंचाच्या डावीकडून उजवीकडे टाकायचे. नऊ मीटर खोल रंगमंचाला सहा पट्टे लागतात. गुंडाळीतून काढून ते दोनेक तास सभागृहाच्या हवेत पसरून ठेवावे लागतात, मगच सांध्यांवर पट्टी मारायची. आपल्या उन्हाळ्यात ट्रकमधून आलेला तापलेला गालिचा घाईघाईने चिकटवला की एसी सुरू झाल्यावर तो आकसतो आणि सांधे उघडतात. त्या फटीत अंगठा अडकला की संपले.

बॅलेच्या बुटाचे पुढचे टोक कापड आणि खळ यांच्या थरांचे असते. दमट हवेत ते मऊ पडते आणि एका मोठ्या प्रयोगात एखादी जोडी संपूनही जाते. 1895 साली सेंट पीटर्सबर्गला 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायाच्या टोकावर सलग 32 गिरक्या घेतल्या. तेव्हापासून नायिकेची कसोटी तीच झाली आहे. जमीन गुळगुळीत असेल तर अशा गिरकीत नर्तिका जागा सोडून वाहत जाते. म्हणून विंगेत राळेची पूड ठेवतात, बूट त्यात दाबून जातात. पण हीच राळ अनवाणी कथकाच्या चक्करीला घातक: तळवा चिकटतो, पाऊल अडते, गुडघा मात्र फिरत राहतो. शिवाय राळ नुसत्या पाण्याने निघत नाही. एकाच संध्याकाळी दोन्ही असतील तर आधी अनवाणी नाच, नंतर बॅले, हा क्रम ठेवला की प्रश्न मिटतो. इतकी साधी गोष्ट कार्यक्रमपत्रिका छापताना कोणी विचारत नाही.

आपल्याकडचा सर्वांत मोठा शत्रू याहून घरचा आहे: दीपप्रज्वलन. समईतले तेल ओघळते, वात खाली पडते, पुष्पगुच्छांच्या पाकळ्या आणि चमकी पसरते, आणि वर सत्कारासाठी अंथरलेला लाल गालिचा. दहाव्या मिनिटाला त्याच जागी मुली अनवाणी गिरक्या घ्यायला येतात. तेलाचा एक थेंब पुरतो. गालिचा तसाच राहिला तर घुंगरांचा निम्मा आवाज तो गिळतो, पदन्यासासाठी रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या जमिनीवरच्या माइकला काहीच मिळत नाही, मग साउंडवाला तो वाढवतो आणि नुसता धपधप आवाज येतो. समई प्रवेशदालनात ठेवावी, सत्कार पडद्यापुढच्या पट्टीत करावा. ते शक्य नसेल तर समईखाली मोठे ताट हवे, आणि पडदा पाडून आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसायला माणूस नेमलेला हवा. देवाधर्माला यात काही बाधा येत नाही.

समूहनृत्यात मुली 'मागेपुढे' होतात याचे खापर तालमीवर फुटते. बरेचदा कारण स्पीकरचे असते. मुख्य स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात आणि रंगमंचावर ऐकू येतो तो भिंतीवरून परतलेला, शिळा आवाज. दोन्ही विंगांत कानाच्या उंचीवर एकेक स्पीकर आत वळवून लावला की निम्मे दुखणे जाते. ट्रॅक मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवू नये. त्यात आवाज किंचित मागे राहतो आणि ऐन वेळी फोन येतो. वायर हवी, आणि दुसऱ्या यंत्रावर तोच ट्रॅक तयार हवा.

प्रकाशाबद्दल थोडक्यात: समोरून भगभगीत पांढरा उजेड टाकला की शरीर चपटे दिसते. नाचाला विंगेतून, नडगी, कंबर आणि डोके अशा तीन उंचींवरून आडवा प्रकाश हवा. त्यासाठी विंगा मोकळ्या हव्यात. तिथे उभे राहून चित्रण करणारे पालक दिव्यापुढे येतात आणि उडी घेत बाहेर पडणारी मुलगी त्यांच्यावर आदळते.

रसिकांनाही एक सांगणे. नृत्य पाहायला पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका; उंच रंगमंचामुळे तिथून पावले दिसत नाहीत. सातवी ते बारावी रांग किंवा बाल्कनीची पहिली रांग उत्तम, आकृतिबंध तिथूनच उलगडतात. शांती बर्धन यांनी 1952 साली मुंबईत सुरू केलेल्या लिट्ल बॅले ट्रूपच्या रामायणात पात्रे कळसूत्री बाहुल्यांसारखी हालत. हालचालीवर उभी असलेली अशी रचना फार जवळून पाहिली तर तिचा अर्धा अर्थ हरवतो. संगीत नाटकाला मात्र तिसरी ते आठवी, मधली बाजू, म्हणजे ऑर्गनचा मूळ आवाज कानावर येतो. तिसऱ्या घंटेनंतर आत आलात तर पद संपेपर्यंत दाराशीच थांबा.

आयोजकांकडे मागणी एवढीच: प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून रंगमंच कलावंतांच्या ताब्यात द्या, आणि त्यातले निदान तीन तास ध्वनी-प्रकाशाच्या तालमीला राखून ठेवा. सभागृहाच्या व्यवस्थापनांनी नृत्याच्या गालिच्याचा एक संच विकत घेऊन भाड्याने द्यावा. आणि आपणांस विनंती, 'आजचे कार्यक्रम' या सदरात नाव, स्थळ, वेळ यांच्या जोडीला 'साथ प्रत्यक्ष' की 'साथ ध्वनिमुद्रित' हे दोन शब्द छापावेत. तिकीट काढणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे.

आपला,
एक नाट्यरसिक
धरमपेठ, नागपूर