घरी येण्याआधी थोडं सांगते

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू म्हणालीस, "उकिडवी बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं जाईल." तुझ्या वेळी सगळ्या तेच सांगायच्या. पण मला जांघेत आणि कमरेखाली जे दुखतं, ते उकिडवं बसून आणखी वाढतं. म्हणून कोल्हापूरला येण्याआधी सविस्तर लिहिते आहे.

कमरेखालच्या हाडांच्या कड्याला पुढे एक आणि मागे दोन सांधे असतात. गरोदरपणात त्यांचे बंध सैल होतात, त्यात पोटाचा भार. मग एका पायावर वजन आलं की कळ येते: सलवार घालताना, जिना चढताना, रात्री कूस बदलताना तर फारच. साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. बाळाला यानं अपाय होत नाही आणि नॉर्मल बाळंतपणही होऊ शकतं, तेव्हा काळजी करत बसू नका. बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं कमी होतं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम दिलेत, आधाराचा पट्टाही दिलाय. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेते, कुशीवर वळताना गुडघे जुळवून ठेवते. रिक्षातून उतरताना दोन्ही पाय एकदम बाहेर काढते. कपडे बसूनच घालते. नुसतं पडून राहायचंही नाही, दुखणार नाही इतकं हिंडायचं. संध्याकाळी रंकाळ्यावर थोडं चालू, मध्येमध्ये बसू.

बाबा, माडीवरची माझी खाट खाली आणाल का? दिवसभर जिना नको. संडासात कमोडची खुर्ची लागेल. पाण्याची घागर मी उचलणार नाही, तेव्हा रागावू नका. आणि तुमच्या कपाटातली अंगदुखीची गोळी मला देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसतात. पॅरासिटामॉलसुद्धा मी त्यांना विचारूनच घेते.

एक मात्र दोघांनीही लक्षात ठेवा. अंगावर रक्त गेलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, ठरावीक अंतरानं कळा यायला लागल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर ते "नेहमीचं दुखणं" समजायचं नाही. लगेच दवाखाना गाठायचा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

आई, तुझीही कंबर माझ्या वेळी धरायची असं आजी सांगायची. तेव्हा तुला कुणी खुर्ची दिली नाही, हे आठवलं की मला वाईट वाटतं. आता माझ्यासाठी तू घरातल्यांना ठणकावून सांग, तुझं सगळे ऐकतात.

अंबाबाईला मोठ्या रांगेत उभं राहणं जमणार नाही, मुखदर्शन घेऊ. ओटी मात्र तूच भर, पाटाऐवजी खुर्चीवर बसवून. मी गाडीनं येते आहे, वाटेत साताऱ्याला आणि कराडला उतरून पाय मोकळे करू. त्यामुळे पोचायला उशीर होईल, जेवायला थांबू नका.

तुमची,
ताई