अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे आधीच सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अन्ननलिकेच्या कॅन्सरवर कुठेही वाचायला घ्या, ऑपरेशनबद्दल साधारण एवढंच असतं की खराब भाग काढतात, जठराची नळी करून ती छातीत नाहीतर मानेपर्यंत वर ओढून जोडतात आणि मग पेशंट हळूहळू जेवायला लागतो. ते बरोबरच आहे, पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात काय काय होऊ शकतं त्याबद्दल कुणी धड लिहीत नाही आणि घरच्यांची सगळ्यात जास्त घालमेल तेव्हाच होते, म्हणून हे पत्र.

माझ्या दादाचं हे ऑपरेशन झालं. आधी आम्हाला बसवून समजावलं होतं, जोड लीक होऊ शकतो, न्यूमोनिया होऊ शकतो, आवाज बसू शकतो, पण हृदयाचं नाव काही निघालं नाही. आणि आयसीयूत मॉनिटरवरचा नव्वदच्या आसपासचा आकडा अचानक दीडशेच्या वर गेला, बरं तोही एका जागी थांबेना, 152 वरून 138, लगेच 161, अलार्म वाजतोय आणि दादा म्हणतोय छातीत काहीतरी फडफडतंय. वहिनीला वाटलं अटॅकच आला. तो अटॅक नव्हता, एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि नाडी वेडीवाकडी, बहुतेक वेळा खूप जलद पडते.

नंतर कळलं की हे अजिबात दुर्मिळ नाही. या ऑपरेशननंतर साधारण पाच-सहा पेशंटमागे एकाला हे होतं आणि जास्त करून दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतं. कारण समजून घेतलं की भीती निम्मी होते. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी मागून चिकटूनच जाते, त्यामुळे ऑपरेशनची सगळी हाताळणी तिथेच शेजारी होते, त्यात सूज, वेदना, शरीरावरचा ताण, कमी झालेलं पोटॅशियम-मॅग्नेशियम, शिरेतून जास्त किंवा कमी गेलेलं पाणी, हे सगळं एकाच वेळी. वय जास्त, आधीपासून बीपी किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर शक्यता आणखी वाढते. उपचार आहेत, ठोके आवरायची औषधं देतात, क्षार भरून काढतात, बीपी फारच पडलं तर शॉक देऊन ताल परत आणतात, आणि बहुतेकांचा ताल काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत पूर्ववत होतो. ताल बराच वेळ बिघडलेला राहिला तर मात्र कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जायचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ करायचं औषध द्यायचं का हे ठरवावं लागतं आणि ताज्या ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाची भीती असल्यामुळे तो निर्णय डॉक्टरांनाही सोपा नसतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. ठोके बिघडले म्हणजे दर वेळी फक्त हृदयाचीच तक्रार असते असं नाही, कधी कधी आत जोड गळायला लागलेला असतो किंवा छातीत न्यूमोनिया धरत असतो आणि ताप यायच्या आधी, सीटी स्कॅन व्हायच्या आधी पहिली खूण नाडीच देते. त्यामुळे ठोक्यांचं औषध सुरू झालं की घरच्यांनी एवढं तरी विचारावंच, की डॉक्टर, लीक आणि इन्फेक्शन बघितलंत का? हा प्रश्न विचारला म्हणून कुणाचा अपमान होत नाही.

दुसरं, ज्यांना आधीपासून बीटा ब्लॉकरची, म्हणजे ठोके मंद ठेवणारी (बीपी किंवा हृदयासाठी देतात ती) गोळी चालू आहे त्यांनी ऑपरेशन आहे म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, अचानक बंद केल्यानेही ठोके बिघडतात. ऑपरेशनच्या सकाळी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही हे भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सिगारेट, तंबाखू आधीच सोडणं आणि तीन बॉलच्या त्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करणं फुप्फुसासाठी फार उपयोगाचं, ते कंटाळवाणं असलं तरी टाळू नका.

घरी आल्यावर आणखी एक घोळ होतो. जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ आली तर ते बऱ्याचदा डंपिंग असतं, अन्न भराभर आतड्यात उतरल्यामुळे होणारं, त्यावर थोडं थोडं खाणं, गोड कमी करणं, जेवताना पाणी न पिणं याने फरक पडतो. पण जेवणाशी संबंध नसताना नाडी वेडीवाकडी लागत असेल, चक्कर येत असेल, दम लागत असेल तर अशक्तपणा म्हणून घरी बसू नका, लगेच ईसीजी काढा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं यात तर एक मिनिटही घालवायचं नाही.

आणि पुढे कधीही कुणी घशातून नळी घालून हृदयाची इको किंवा एंडोस्कोपी करायचं म्हटलं, किंवा नाकातून नळी घालायची वेळ आली, तर अन्ननलिका काढलेली आहे हे आधी सांगायचं. हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलेला पेशंट हे सांगेलच असं नाही, त्याला वाटतं पोटाच्या ऑपरेशनचा इथे काय संबंध.

माझी मागणी साधी आहे. संमतीच्या कागदावर सही घेताना लीक आणि न्यूमोनियाबरोबर ठोक्यांचंही स्पष्ट सांगा आणि डिस्चार्ज कार्डावर पेशंटच्या भाषेत लिहून द्या की ताल बिघडला होता का, कुठली गोळी किती दिवस, ती कधी आणि कुणाला विचारून थांबवायची. दादाच्या कार्डावर गोळीचं नाव होतं, ती कशासाठी आहे ते नव्हतं, आणि घरात कुणाला ते माहीत नव्हतं म्हणून ती दुसऱ्याच महिन्यात बंद होणार होती. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या हृदयतज्ज्ञाकडून आणि सर्जनकडून मिळून यावर लेख लिहून घेतलात तर ऑपरेशनची तारीख ठरलेल्या कितीतरी घरांना तो वेळेवर मिळेल.

आपला,
एका पेशंटचा धाकटा भाऊ