देह बाबांचा, सुतक आईचं

ती. बाबा व आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, ‘साष्टांग’वर अडू नका. पत्र असंच सुरू करायचं हे तुम्हीच शिकवलंत.

फोनवर हा विषय निघाला की दोन मिनिटांत भांडण होतं. फोन स्पीकरवर, आई एक वाक्य बोलणार, बाबा ते अर्ध्यात तोडणार, मग आई विचारणार, “तुझं जेवण झालं का?” म्हणजे विषय संपला. म्हणून लिहितोय. आधी आईने वाचावं. बाबा वाचताना मोठ्याने शेरे मारतात आणि मग तिला नीट वाचता येत नाही.

बाबांना देहदान करायचंय. कळव्याच्या मेडिकल कॉलेजचा फॉर्म आणून ठेवलाय, त्यावर घरच्या माणसाची सही हवी, आणि आई सही करत नाही. उलट परवा तिने त्याच फॉर्मवर कोथिंबीर निवडली. बाबांचं म्हणणं, आयुष्यभर जे बोललो ते मेल्यावर तरी खरं करू द्या. आईचं म्हणणं, अग्नी नाही, अस्थी नाहीत, दहावं-तेरावं नाही, मग हा माणूस गेला हे मी कशावरून मानायचं? दोघांनीही मला वेगवेगळं गाठून सांगितलंत, “तू तरी समजाव.” दोघांनाही मी आपल्या बाजूचा वाटतो. बाबांना वाटतो कारण मी फिजिक्स शिकलो. आईला वाटतो कारण तिच्याबरोबर कौपिनेश्वराला गेलो की मी चपला काढून हात जोडतो आणि घंटाही वाजवतो.

या भांडणात मी जन्माआधीपासून आहे. 16 फेब्रुवारी 1980 चं सूर्यग्रहण, मी आईच्या पोटात. आपल्याकडे ते खंडग्रासच होतं, तरी मुंबईचे रस्ते ओस पडले होते. आजीने आईला खिडक्या लावून खोलीत बसवलं. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, अंग मुडपून बसायचं नाही. बाबा दाराबाहेरून ओरडत होते, “अहो, चंद्राची सावली आहे ती!” मी धडधाकट जन्मलो. आजी म्हणाली, पाळलं म्हणून. बाबा म्हणाले, न पाळताही असाच झाला असता. खरं तर माझ्या एकट्याच्या नाकाकानांवरून दोघांचंही काही सिद्ध होत नाही. त्यासाठी ग्रहण पाळलेल्या पुष्कळ बायका हव्यात, न पाळलेल्या तितक्याच हव्यात, आणि कोणी पाळलं हे माहीत नसलेला तपासणारा हवा. मी बाबांच्या बाजूने पैज लावीन, पण त्या दिवशी नौपाड्यातल्या त्या खोलीत कोणाकडेही पुरावा नव्हता. ओरडणाऱ्याकडेही नव्हता.

पत्रिकांच्या बाबतीत नारळीकरांनी असा पुरावा गोळा केला. दाभोलकरही त्यात होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या आणि ज्योतिषांना सांगितलं, प्रत्येकी चाळीस घ्या आणि ओळखा कोणती कोणाची. 27 जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. बाबा, हे तुम्ही जेवताना सांगितलंत आणि नेहमीप्रमाणे विजयी चेहरा करून ताक मागितलंत. आईने पुढे काय केलं ते तुमच्या लक्षात नसणार. ताईच्या मुलीचं लग्न ठरवताना तिने पत्रिका बघितली नाही. कोणी विचारलं तर “हल्ली कोण बघतं” म्हणाली, तुमचं नाव घेतलं नाही. पुरावा पटला की ती बदलते. जाहीर करत नाही इतकंच.

आता 1995. 21 सप्टेंबर, देशभर गणपती दूध प्यायला लागले तो दिवस. आई वाटी-चमचा घेऊन देवळात गेली, मी शाळेतून आलो तर घराला कुलूप. संध्याकाळी बाबा आले, त्यांनी पाटा-वरवंट्यातला वरवंटा उभा केला, चमचा दुधाने काठोकाठ भरून त्याच्या काळ्या दगडाला टेकवला. चमचा हळूहळू रिकामा झाला. बाबांनी मला खाली बोट लावून बघायला सांगितलं. दगडावरून दुधाचा पातळ पापुद्रा ओघळत होता, दिसत नव्हता पण बोटाला ओल लागत होती. पृष्ठताण दूध चमच्याच्या काठावरून ओढून घेतो, पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. मी फिजिक्सकडे वळलो ते बहुधा त्याच संध्याकाळी. आईने सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, “वरवंट्यालाही भूक लागली असेल.” बाबा भडकले. मला अजूनही वाटतं की त्या दिवशी प्रयोग बाबांनी जिंकला आणि संभाषण आईने.

आई, तू खूश होऊ नकोस, आता तुझ्याकडे येतो. ते नासाचे मेसेज पाठवणं बंद कर. सूर्यातून ओंकार ऐकू येतो असं नासाने कधीही म्हटलेलं नाही. सूर्याची कंपनं मोजतात हे खरं, पण ती कानाला ऐकू येण्याजोगी नसतात, हजारो पटींनी वेगवान केल्यावर गुणगुण ऐकू येते, आणि त्या गुणगुणीत ज्याला जे ऐकायचं ते तो ऐकतो. पण माझा खरा राग त्यावर नाही. रोज पहाटे हरिपाठ म्हणताना तुला कोणाचं सर्टिफिकेट लागत नाही. मग दुपारी मोबाइलवर अमेरिकेकडून शिक्का का मारून घ्यायचा? त्याने हरिपाठाची किंमत वाढत नाही आणि बाबांना आयतं हत्यार मिळतं.

तू मागे विचारलंस, महास्फोटाच्या आधी काय होतं, आणि बाबांनी “हा प्रश्नच चुकीचा” म्हणून तुला गप्प केलं. प्रश्न चुकीचा नाही. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं, इथपर्यंत मोजमाप नेतं. त्याच्या अगदी सुरुवातीच्या क्षणाला आमची समीकरणं चालेनाशी होतात, आणि त्यामागे काय हे आज कोणालाही ठाऊक नाही. पण म्हणून त्या रिकाम्या जागेवर देव बसवू नकोस, नंतर उठवावा लागतो. न्यूटनला वाटलं होतं की ग्रहांच्या कक्षा बिघडत जातील आणि देवाला मधूनमधून त्या सावरून घ्याव्या लागतील. शंभरेक वर्षांत लाप्लासने गणित मांडलं आणि सावरणाऱ्याची गरज उरली नाही. महास्फोटाची कल्पना ज्याच्यापासून सुरू झाली तो लमेत्र तर कॅथलिक पाद्री होता. 1951 मध्ये पोपनी भाषणात त्या सिद्धांताचा संबंध देवाच्या सृष्टिनिर्मितीशी जोडला, तेव्हा त्यालाच ते रुचलं नाही. हा सिद्धांत देवाच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही, असं त्याचं मत. पाद्री मात्र तो शेवटपर्यंत राहिला. बाबा, हे वाक्य तुमच्यासाठी. आणि तुमचे नारळीकर शेवटपर्यंत महास्फोट न मानणाऱ्यांतले होते, त्यात देवाचा काही संबंध नव्हता, हेही असू द्या.

माझ्या कामाबद्दल तुम्हाला मी फारसं सांगत नाही. आई “मशीनवर असतो” सांगते, बाबा “अणुशक्तीनगरला शिकला” सांगतात. मी काय करतो, तर रेडिएशनच्या मशीनमधून सांगितलेला डोस सांगितल्या जागी पडतो की नाही ते मोजतो. रोज सकाळी पहिला पेशंट आत यायच्या आधी मोजतो, काल बरोबर आला असला तरी. दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मशीन थांबवायचं. बाबा, मला विज्ञान बहुतेक वेळा असं दिसतं, स्वतःवर रोज घेतलेला संशय. घरी तुम्ही ते दुसऱ्याच्या संशयासाठीच वापरता.

एका पेशंटच्या गळ्यात ताईत होता. मुरबाडकडचा माणूस, घशाचा कॅन्सर, 35 फ्रॅक्शन, म्हणजे रेडिएशनचे 35 हप्ते, सात आठवडे शनिवार-रविवार सोडून रोज यायचं. आमच्या बीमचा, म्हणजे रेडिएशनच्या झोताचा, डोस कातडीवर कमी आणि साधारण दीड सेंटिमीटर आत सर्वांत जास्त असतो, म्हणून वरची कातडी पुष्कळशी वाचते. ताईताची धातूची डबी मानेला चिकटून असेल तर हा हिशेब बिघडतो आणि त्या जागी कातडी भाजते. बायको ताईत काढू देईना. आमच्यातला एक जण तिला अंधश्रद्धेवर सांगायला लागला, ती आणखी घट्ट झाली. मी तिला प्लॅनिंगच्या स्क्रीनसमोर नेलं, मानेवरून जाणारे बीम दाखवले, ताईत कुठे आड येतो ते दाखवलं. तिने विचारलं, “मी हातात धरला तर चालंल?” चालेल म्हटलं. सात आठवडे तो मास्कखाली आत, ही बाहेर बाकड्यावर, ताईत मुठीत. गाठ विरघळली. कशाने, ते मला पक्कं माहीत आहे आणि तिलाही पक्कं माहीत आहे. बाबा, तुम्ही विचाराल, मग खरं काय ते तिला सांगितलंस का? जे सांगायला हवं होतं ते सांगितलं, डबी बीममध्ये नको. मुठीत काय आहे त्याने डोस बदलत नव्हता.

दाभोलकरही देवाला विरोध करत नव्हते, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला करत होते, आणि हे ते सारखं सांगायचे. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांना मारलं त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आईही जेवली नाही. बाबांना वाटलं, आपण जेवलो नाही म्हणून. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “माणूस चांगला होता रे, म्हणून.”

तुम्हा दोघांना देवाबद्दल एकमत करायची काही गरज नाही, मला स्वतःला तो सापडलेला नाही आणि मी जिवाच्या आकांताने शोधतोय असंही नाही. सही मात्र करायची की नाही हे ठरवावं लागेल, आणि देहदानाचा देव मानण्या-न मानण्याशी तुम्ही जोडलाय तेवढा संबंध नाही. 2010 च्या जानेवारीत ज्योती बसू गेले, कम्युनिस्ट, त्यांचं देहदान झालं. पुढच्याच महिन्यात नानाजी देशमुख गेले, संघाचे, चित्रकूटला राहिलेले, त्यांचंही देहदान झालं. आई, नानाजींना तू नास्तिक म्हणणार नाहीस. आणि बाबा, तुम्ही वादात दधिची ऋषींची हाडं काढता तेव्हा आईला हसू का येतं ते समजून घ्या. तुमच्या तोंडी पुराण शोभत नाही.

आई, मला वाटतं तू सही करावीस. बऱ्याच मेडिकल कॉलेजांत पहिल्या वर्षाची मुलं डिसेक्शन सुरू करायच्या आधी त्या देहापुढे हात जोडून शपथ घेतात, हा आमचा पहिला शिक्षक म्हणून. बाबांना शिकवायची किती हौस आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? वर्षभर समोरून कोणी उठून जाणार नाही.

बाबा, सहीच्या बदल्यात तुमच्याकडून एक हवंय. दहावं-तेरावं आईला करू द्या. ‘माझ्यामागे कसलेही विधी करू नयेत’ असा जो कागद तुम्ही फाइलला लावलाय तो काढून टाका. देह तुमचा, तो कुठे जावा हे तुम्ही सांगायचं. पण ते तेरा दिवस तुमचे नाहीत. तेव्हा घरात ती असेल, तिला ते दिवस काढायचे असतील, आणि ते कसे काढायचे हे तिला येतं, आपल्याला येत नाही. समुद्रात, पुरात, लढाईत गेलेल्यांचे देह मिळत नसत, त्यांच्यासाठी पळस आणि दर्भ यांची प्रतिमा करून अंत्यविधी करायची रीत जुन्यांनी घालून ठेवलीय, पालाशविधी म्हणतात. तो इथे लागू होतो का, हे आई, तू गुरुजींना विचार. प्रतिमेची कल्पना बाबांना हास्यास्पद वाटेल. वाटू दे, तेव्हा ऐकू येणार नाही.

व्यवहाराचं थोडं. फॉर्म भरला म्हणजे कॉलेजची गाडी आपोआप येते असं नाही, गेल्यावर घरच्यांनीच कळवावं लागतं. घरच्यांनी नाही म्हटलं तर तो कागद कपाटातच राहतो, म्हणून आईला डावलून माझी सही घेण्याचा बाबांचा बेत कामाचा नाही. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. अपघात किंवा पोस्टमॉर्टेमची केस असेल, काही संसर्गजन्य आजार असतील, तर देह घेत नाहीत. तसं झालं तर सरळ जवाहरबाग स्मशानभूमी, आणि बाबांनी तिथूनही हट्ट करू नये. डोळ्यांचं वेगळं लिहून द्या. सहा तासांच्या आत घ्यावे लागतात आणि देहदानाच्या आड येत नाहीत. आईची याला हरकत नसावी, तिच्या आत्याचे दिले होते.

आई, तुझ्या वेळी काय करायचं ते मला सांगून ठेव. बाबा फिरायला तलावपाळीला गेले की फोन कर.

तुमचा,
धाकटा

ता. क. रविवारी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक नसला तर पनवेल-ठाणे पकडून अकरापर्यंत येतो. खारघरहून काही आणायचं असेल तर शनिवारी रात्रीच सांगा, सकाळी स्टेशनवर पोचल्यावर नको.