लांब टप्पा की नेमका पास

सांता क्लारा,
१५ जून २०२५

ती. बाबांस,
सा. न.

तुमचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. येत्या मोसमात तालमीच्या फुटबॉल संघाच्या मधल्या फळीत कोण, अर्ध्या मैदानावरून गोल ठोकणारा तो धिप्पाड पोरगा, की बॉल कधी चुकीच्या माणसाला न देणारा बारका? माझं मत विचारलंत याचंच नवल वाटलं. शाहू स्टेडियमवर मी तोंड उघडलं की तुम्ही "गप शेंगा खा" म्हणायचा.

हाच घोळ इथल्या संघात झाला, तो सांगतो. इथल्या अमेरिकन फुटबॉलला तुम्ही फुटबॉल म्हणणार नाही. बॉल हातात धरून पळतात. सगळा डाव क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, डोक्यावर. बॉल हातात आला की दोन-तीन सेकंद, तेवढ्यात अंगावर चार-पाच रेडे धावून येतात आणि कुणाकडे फेकायचं ते ठरवायचं असतं.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर फॉर्टीनाइनर्स या संघाचं मैदान आहे. २०२१ मध्ये त्यांनी ट्रे लान्स नावाचा क्वार्टरबॅक पोरगा घेतला. दंड असा, की बघत राहावं, आणि पळायलाही वाघ. पण कॉलेजात पूर्ण असा एकच मोसम खेळलेला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, तिसऱ्या क्रमांकाला तो मिळावा म्हणून संघाने पहिल्या फेरीच्या तीन निवडी, म्हणजे निवडायच्या पाळ्या, मायामीच्या संघाला देऊन टाकल्या. आपल्याकडे पोरीच्या लग्नाला शेत विकतात, तसं.

पुढच्याच वर्षी त्याच संघाने ड्राफ्टमधली अगदी शेवटची, २६२वी निवड म्हणून ब्रॉक पर्डी हा क्वार्टरबॅक घेतला. शेवटी निवडल्या जाणाऱ्याला इथे थट्टेनं "मिस्टर इर्रेलेव्हंट" म्हणतात, म्हणजे असून नसल्यासारखा. उंची बेताची, हातात फार जोर नाही. पण आयोवा स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षं खेळून मुरलेला.

सप्टेंबर २०२२, मोसमातला दुसराच सामना. लान्सचा घोटा मोडला. त्याच्या जागी आलेल्या गारोपोलोचं पाऊल डिसेंबरात मोडलं, आणि नाइलाजानं पर्डी मैदानात आला. पुढच्या आठवड्यात समोर कोण, तर टॉम ब्रेडी, इथला सगळ्यात नावाजलेला क्वार्टरबॅक! तो सामना ३५-७ ने जिंकला. काइल शानाहन हे प्रशिक्षक डाव असे आखतात, की बॉल ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी पोचला तर पकडणारा आपोआप तिथे असतो. पर्डी बॉल तिथे पोचवायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेला आणि जादा वेळेत २५-२२ ने हरला. मी त्या रात्री जेवलो नाही, हे आईला सांगू नका. गेल्या महिन्यात त्याला पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. लान्सला त्यांनी २०२३ लाच डॅलसच्या संघाला देऊन टाकलं, चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात.

ऑफिसातले सगळे म्हणतात, बघा, भरवशाचा माणूस जिंकला. मला ते पटत नाही. बाबा, निवड कुणी केलीच नाही. घोटा मोडला म्हणून झाली. दोघं जायबंदी झाले नसते तर पर्डी अजून बाकावर बसून पाणी देत असता. आणि या संघासाठी सुरुवातीपासून मैदानात उतरून लान्स किती सामने खेळला? चार. चार सामन्यांत कुणाचं पाणी जोखणार? जोर अंगचा असतो, पण गर्दीत नेमका माणूस दिसणं खेळूनच येतं, आणि नेमकं तेच त्याला मिळालं नाही.

मला विचाराल तर पहिल्या सामन्याला बारका. पण धिप्पाडाला पावसाळ्यानंतरच्या सराव सामन्यांत पूर्ण नव्वद मिनिटं ठेवा, चुकला तरी बाहेर काढू नका. आणि तो गोल मारतो तेव्हा समोर बचाव कुठला असतो तेही बघा. गल्लीतल्या पोरांवर मारलेले गोल मोजू नका.

गुडघा कसा आहे? मैदानावर उभं न राहता खुर्ची न्या. यादी ठरली की कळवा.

तुमचा,
बंडू